एक्केचाळीस मुलगे, सात मुली

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिपिकाने उमेशचं डोकं फोडलं. सकाळी साडेसहाला, आंघोळीच्या हौदाजवळ, स्टीलच्या तांब्याने. मोखाड्याला जीपने नेलं. दोन टाके पडले. पोरगा रडला नाही, वाटभर मान ताठ. ती सातवीत, तो आठवीत, तिच्याहून वीतभर उंच!

मुख्याध्यापक फोनवर तीनदा म्हणाले, "मुलीने?" तिसऱ्यांदा मी फोन ठेवला.

दुपारी उमेशचे वडील आले. पुंजाभाऊ, पोशेऱ्याचे, आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. ओरडले नाहीत. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरगा असता तर म्हटलं असतं, पोरं हायत, होतं. ही पोरीची जात. आज तांब्या, उद्या कोयता. तिच्या हातात दाखला द्या." २८ तारखेला समितीची बैठक आहे. तिथे ठराव आणणार.

मी दिपिकाला शिक्षा दिली. महिनाभर स्वयंपाकघरातली मोठी पातेली घासायची. आश्रमशाळेत दोनशे मुलं राहतात, मारामारी मला चालत नाही. का मारलंस, विचारलं. जमिनीकडे बघत उभी राहिली. पुन्हा विचारलं. पुन्हा जमीन. हट्टी!

११ नोव्हेंबर

प्रमिलाने सांगितलं. ती स्वयंपाकीण, तिला सगळं दिसतं, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. उमेश पहिलीतल्या लाडक्याला हौदाच्या कठड्यावर उभा करून ओल्या पंच्याला पीळ देऊन त्याने मारत होता. लाडक्या थंडीने अंगावर पाणी घेईना म्हणून. दिपिका दोनदा म्हणाली, थांब. तिसऱ्यांदा बोलली नाही.

"मग हे काल का नाही सांगितलंस?" मी प्रमिलाला विचारलं.

"बाई, उमेशला रांग तुम्हीच दिली ना. मला वाटलं, त्यात मारणं येतं."

रांग म्हणजे माझी योजना. मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, पण मुलग्यांच्या वसतिगृहाला सहा वर्षं अधीक्षक नाही, दोन्ही बाजू मीच बघते. म्हणून मोठ्या मुलग्यांपैकी एकेकाला दहा लहान मुलं नेमून दिली. तो त्यांचा दादा. घंटा झाली की दहाजणांची आंघोळ, दात, कपडे, परिपाठ. कसं करतोस ते मी कधी विचारलं नाही. वेळेत होत होतं. तपासणीला आलेले साहेब वहीत 'उत्तम शिस्त' लिहून गेले, मी ते पान जपून ठेवलं आहे.

१३ नोव्हेंबर

बैठकीसाठी अहवाल लिहायचा म्हणून शिस्तीची नोंदवही काढली. सहा वर्षांची. सगळं अक्षर माझं.

मुलग्याने कोणाला मारलं की मी लिहिलं आहे — 'किरकोळ भांडण. समज दिली.' मुलीने मारलं की — 'वर्तन अशोभनीय. पालकांना बोलावले.' पानामागून पान तेच. मला वाटलं, मीच चुकीचं वाचते आहे. प्रमिलाला समोर बसवून पुन्हा मोजलं. मुलग्यांच्या नोंदी एक्केचाळीस. पालकांना बोलावलं एकदाच. मुलींच्या सात. पालकांना बोलावलं सातही वेळा.

त्या सातांपैकी तीन मुली परत आल्या नाहीत. बापाने घरी नेलं, संपलं. एकीचं लग्न खोडाळ्याकडे झालं, ते कळलं होतं. दुसऱ्या दोघी कुठे आहेत मला ठाऊक नाही.

एक्केचाळीस नोंदींत नऊ वेळा उमेश आहे. नऊ वेळा समज दिली. कसली समज? त्याला समजलं ते एवढंच, की चालतं.

आणि हे कोणा अडाणी माणसाने लिहिलेलं नाही. मी लिहिलं. नाशिकला कॉलेजात शिकलेली, बी.ए., विषय मानसशास्त्र.

डोळ्यांत पाणी आणून उपयोग नाही. बैठकीला पंधरा दिवस आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिपिकाची आई जमुना आली. दारातच उभी. बस म्हटलं तर उंबऱ्याबाहेर टेकली.

तिला एकच विचारायचं होतं. वाडीतली सगळी माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाली आहेत. मुकादमाची गाडी २९ ला सकाळी. ही दोघं नवरा-बायको जाणारच. पोरीला दाखला मिळणार असेल तर तिलाही गाडीत घालायचं, मागे घरात एकटी कोणाजवळ ठेवणार? "ठेवू का नेऊ, तेवढं सांगा बाय."

भट्टीवर गेलेली सातवीतली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही. हे जमुनालाही माहीत, मलाही.

मग मी विचारलं, ही घरी मारते का कोणाला? जमुना हसली. म्हणाली, भट्टीवर पाच वर्षांची असल्यापासून धाकटा भाऊ हिच्या कडेवर. तो रडला की मी हिला हाणायची. म्हणून हिने त्याला हाणायला सुरुवात केली, रडू नये म्हणून. मग तो जास्त रडायचा, मग मी हिला जास्त.

"आणि त्याला? भावाला तू मारलंस कधी?"

"त्याला कशाला बाय? पोरगा तो."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भात शिजायला किती वेळ लागतो ते सांगावं, तसं.

मी तिला शब्द दिला नाही. मला खोटे शब्द देता येत नाहीत. म्हटलं, २८ ला संध्याकाळी सांगते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रांगा बदलल्या. मोठ्या मुलग्यांकडून लहान मुलं काढून घेतली आणि आठवीच्या मुलींना दिली. दादांच्या जागी ताया. एकदम सोपं! पहिल्या दिवशी हौदावर आरडाओरडा नाही. सहा वर्षांपूर्वीच हे का सुचलं नाही मला?

१९ नोव्हेंबर

माझं शहाणपण दोन दिवस टिकलं.

लाडक्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे डाग. चिमट्यांचे. प्रतिक्षाने काढलेले. प्रतिक्षा! वर्गात पहिली, प्रार्थनेला पुढे, नोंदवहीत तिचं नाव एकदाही नाही. बोलावलं. तिने लपवलं नाही, उलट मलाच विचारलं, "बाई, दहाजण घंटेच्या आत न्हायला पाहिजेत ना? तो ऐकत नाही. मग मी काय करायचं?"

तिला परत वर्गात पाठवलं.

कॉलेजात नोट्स पाठ केल्या होत्या, मारणं ही पुरुषाची प्रवृत्ती, सांभाळणं ही स्त्रीची. परीक्षेत लिहून गुणही घेतले. प्रतिक्षाच्या नखांनी ते उत्तर आज खोडलं. एका पोराच्या मागे दहा पोरं लावायची, डोक्यावर घंटा ठेवायची आणि कोणी विचारायचं नाही, मग मुलगा असो की मुलगी, हात उठणारच. फरक एवढाच, उमेशने हौदावर सगळ्यांसमोर मारलं आणि प्रतिक्षाने दिसणार नाही तिथे. त्याला घरी दाखवायला शिकवलं, हिला झाकायला.

चूक पोरांची नाही. रांगेची आहे.

२० नोव्हेंबर

रांग बंद.

आता एकाला एक. सहावीपासून वरच्या प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, एकच लहान मूल. मुलग्यांना मुलगे, मुलींना मुली. आंघोळ, नखं, डोक्याला तेल, खरजेचं मलम, उवा. आंघोळीची घंटा बंद. परिपाठ वीस मिनिटं उशिरा. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला, वर काय उत्तर द्यायचं म्हणाले. म्हटलं, माझ्या नावावर टाका.

लाडक्याला मी विचारलं, तुला कोण पाहिजे? त्याला कोणी कधी काही विचारलं नसावं. आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला विचारतेय का. मग म्हणाला, "दिपिका." सांगितलं, मुलग्याला मुलगाच मिळणार. तर म्हणाला, "मग ती नुसती बाजूला उभी राहू दे." मान्य केलं. नियम माझा, अपवादही माझा.

उमेशला बारक्या दिला. पहिलीतला, बोटांच्या बेचक्यांत खरूज, नाक सतत वाहतं. उमेशने हात मागे घेतले. "हे बायकांचं काम हाय."

"मग शीक. बायको खूश राहील," मी म्हटलं. सगळी आठवी हसली. प्रमिला तिकडून म्हणाली, "उमेशराव, साबण पोराच्या डोळ्यांत घालू नका, डोक्याला लावा." त्याचे कान लाल झाले. पण बसला. मी शेजारी खुर्ची टाकून पूर्ण वेळ बसले होते, हेही कारण असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

असं दृश्य या शाळेने पाहिलं नव्हतं! व्हरांड्याच्या पायऱ्यांवर ओळीने मोठे मुलगे, प्रत्येकाच्या पुढ्यात एक लहान डोकं, हातात बारीक फणी. उवा कोणाच्या जास्त, यावर पैज. एक म्हणाला, "माझ्यावाल्याच्या डोक्यात गाव वसलाय, समितीसुद्धा हाय." पोरांना भेटायला आलेल्या गावातल्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

उमेशने बारक्याची फणी अर्ध्यावर थांबवली. मला म्हणाला, "बाई, ह्याला हात लावला की हा आधी डोकं झाकतो. मी मारत नाय तरी."

"का झाकत असेल?"

फणीतली लीख नखाने काढत राहिला. मग म्हणाला, "मी पण झाकतो. घरी."

एवढंच. तेवढ्यात बारक्या त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून झोपला, आणि जेवणाची घंटा झाली तरी उमेश हलला नाही.

२४ नोव्हेंबर

आज मारामारी नाही.

२५ नोव्हेंबर

एक. पाचवीतल्या दोघांची, पेन्सिलीवरून. दोघांना समोरासमोर बसवून एकमेकांची नखं कापायला लावली. नखं कापताना भांडता येत नाही, बोट जातं. नोंदवहीत दोघांचं सारखंच लिहिलं. शब्दसुद्धा तेच.

२७ नोव्हेंबर

उद्या बैठक. पुंजाभाऊंनी आज तीन सदस्यांच्या घरी फेरी मारली, असं प्रमिलाच्या कानावर आलं. दिपिका पातेलं घासत होती. म्हटलं, उद्या तुला बोलावलं तर खरं सांगशील? म्हणाली, "सांगीन. पण पुन्हा मारणार नाय, असं नाय सांगणार."

"का?"

"खोटं होईल."

मला ही मुलगी आवडायला लागली आहे. हे मी तिला कधीही कळू देणार नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो! जिंकलो!

नीट लिहिते. अकरा सदस्य हजर. पुरुष खुर्च्यांवर, बाया भिंतीकडेला सतरंजीवर. त्यांत पुंजाभाऊंच्या पत्नी हिराबाई. त्याही सदस्य आहेत. तीन वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही, सही मात्र सुरेख करतात.

पुंजाभाऊ चांगलं बोलतात, हे मान्य करायला हवं. पोरीला आज सोडलं तर उद्या घराघरात पोरी हात उचलतील, संसार कसे टिकतील, वगैरे. माना डोलल्या. मग मी उठले. नोंदवही वाचायला घेतली. आधी म्हटलं, हे अक्षर माझं आहे, चूक माझी आहे, आता ऐका. एक्केचाळीस आणि सात. 'किरकोळ भांडण' आणि 'वर्तन अशोभनीय'. परत न आलेल्या तीन मुलींची नावं घेतली. भिंतीकडेला एक बाई हुंदका गिळताना ऐकू आली. त्या तिघींतल्या एकीची चुलती निघाली.

पुंजाभाऊ म्हणाले, मुलगे मस्ती करतात, त्यात नवीन काय. म्हटलं, ठीक आहे. जो हात उचलेल त्याला दाखला, असा ठराव करा, मी सही करते. फक्त पहिल्या पानापासून सुरू करू. पहिल्या पानावर कोणाचं नाव आहे, वाचू? मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. नाव सगळ्यांना कळलं होतं.

दिपिकाला बोलावलं. प्रमिलाने मला सांगितलं होतं तेच तिने सांगितलं, एक शब्द कमी-जास्त नाही. मग उमेशला. मला वाटलं होतं, बापासमोर हा फिरणार. तो बापाकडे न बघता बोलला. "मी आधी मारलं. लाडक्याला. तो लहान हाय. ही दोनदा म्हणाली थांब. मी नाय थांबलो."

पुंजाभाऊंचा हात वर गेला. भर बैठकीत, पोराच्या कानशिलाकडे. उमेशने डोकं झाकलं. दोन्ही हातांनी, एका क्षणात, जसं बारक्या झाकतो तसं. सगळ्या सभेने पाहिलं. मी म्हटलं, "पुंजाभाऊ, इथे नाही." आवाज मी चढवला नव्हता. हात खाली आला आणि टोपी सारखी करू लागला.

मग मतं. दाखला द्यावा, पाच हात. देऊ नये, पाच हात. एक राहिला. मुख्याध्यापकांनी दोनदा मोजलं. सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. हिराबाई पदर ओढून बसल्या होत्या. पुंजाभाऊ नुसते खाकरले.

हिराबाईंनी हात वर केला. देऊ नये, म्हणून.

नवऱ्यासमोर! सहा विरुद्ध पाच! मुख्याध्यापकांनी ठराव तिथेच लिहून घेतला. सगळ्या बाया उठताना एकमेकींना धरून उठल्या. मी हिराबाईंचे हात हातात घेऊन म्हटलं, शाबास. पुंजाभाऊंनी बाहेर मोटारसायकल चालू केली होती, त्या जाऊन मागे बसल्या.

संध्याकाळी वाडीत स्वतः चालत गेले, जमुनाला सांगायला. इतक्या वेगाने मी दहा वर्षांत चालले नसेन.

२९ नोव्हेंबर

मुकादमाची गाडी सकाळी शाळेवरून गेली. जमुनाने मागच्या फळीवरून हात केला. दिपिका फाटकात उभी होती. गाडी वळणाआड गेल्यावर आत आली आणि पातेली घासायला बसली. शिक्षा १० डिसेंबरपर्यंत आहे, ती आहेच. डोकं फोडणं चूक, हे मी तिला पुन्हा सांगितलं. थोडा विचार करून म्हणाली, "पुढच्या वेळी आधी तुमाला हाक मारीन. तुमी नाय आलात, तर बघीन."

यापेक्षा प्रामाणिक हमी मला आजवर कोणी दिलेली नाही. घेतली.

४ डिसेंबर

सलग सहा दिवस नोंदवहीचं पान कोरं. मुख्याध्यापक आपणहून म्हणाले, परिपाठ उशिराच बरा पडतो, मुलं जागी असतात. वर हेही म्हणाले की ही कल्पना त्यांच्याही मनात होती. असू दे!

७ डिसेंबर, रविवार

सहल. शिरपामाळच्या टेकडीवर नेलं सगळ्यांना. जोड्याजोड्यांनी, मोठ्याच्या हातात लहानाचा हात. चढावर बारक्या दमला तर उमेशने न सांगता खांद्यावर घेतला. वर नाशिकची काही मंडळी फोटो काढत होती. त्यांतल्या एका आजींनी उमेशला विचारलं, सख्खा भाऊ का रे?

"हो," उमेश म्हणाला.

बारक्याने वरून आमच्याकडे असं बघितलं, जणू ही खबर त्यालाही आत्ताच लागली. लाडक्या आणि दिपिका कड्याच्या कुंपणापाशी वाद घालत होते, ढग कुठल्या गावावर आहे यावरून. प्रतिक्षा तिच्या जोडीच्या लहान मुलीला बिस्कीट भरवत होती आणि स्वतः खात नव्हती. प्रमिला म्हणाली, "बाई, तुम्ही हसताय." म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय.

संस्थेच्या चिटणिसांचा फोन आला होता. 'एकाला एक' दुसऱ्या दोन आश्रमशाळांतही करायचं म्हणतात. मी जाऊन समजावून सांगावं. जाईन. नोंदवही घेऊन जाईन, आधी तीच वाचेन.

बत्तीस वर्षं नोकरी झाली. या महिन्याइतक्या अभिमानाने कधी झोपले नाही.

८ डिसेंबर, सोमवार

दुपारी हिराबाई आल्या. पोशेऱ्याहून एकट्या, चालत. हातात कपड्यांची पिशवी. डावा गाल सुजलेला, ओठ फुटून खपली धरलेला. ती खपली आजची नव्हती. बैठकीनंतरच्या दहा दिवसांत तिकडे काय चाललं असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. मी हात मोजत होते. कोण कोणाच्या मागे बसून घरी जाणार, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि शाबास म्हटलं.

त्यांनी उमेशची चौकशी केली नाही. एवढंच विचारलं, "बाय, हितं मोठ्या बायांना ठेवतात का?"

नियमात नाही. माझ्या खोलीत दुसरी खाट टाकली आहे. पुंजाभाऊ येतील. आधी त्यांना माझ्याशी बोलावं लागेल.